चौदा नंबरच्या चिठ्ठ्या

(कपडे शिवायचा कारखाना. जेवणाची सुट्टी. दोन जावा शेजारशेजारच्या मशीनवर बसल्या आहेत.)

थोरली : मग या माझ्या चिठ्ठ्या तुझ्या पिशवीत पाय फुटून आल्या का?

धाकटी : जाऊबाई, माझी पिशवी कशाला उघडलीत?

थोरली : सुई शोधत होते. विषय बदलू नकोस. चौदा नंबर माझा. पाच चिठ्ठ्या आहेत. माझ्या कॉलरच्या गठ्ठ्यांवरून या काढल्यास आणि तुझ्या बावीस नंबरच्या लावल्यास.

धाकटी : आधी जेवून घ्या. सुट्टी संपेल.

थोरली : घास उतरतोय होय? सुपरवायझरबाई महिनाअखेरीला जाणार. जिचं काम चोख, तिला ती खुर्ची. म्हणजे शिवायचं मी आणि नाव तुझं. हे राजकारण मला कळत नाही वाटतं?

धाकटी : झालं सुरू राजकारण.

थोरली : दुसरं काय म्हणू? सासूबाईंच्या कानाला लागून कपाटाच्या किल्ल्या घेतल्यास, तेव्हाही मी गप्प बसले.

धाकटी : त्यांची औषधं असतात त्यात. तुम्ही दोनदा भलतीच बाटली दिलीत.

थोरली : एकदा.

धाकटी : बरं, एकदा. भाऊजी निवडणुकीच्या सभेला गेले की राजकारण. मी किल्ल्या घेतल्या की राजकारण. प्रत्येक मशीनवर दिवा द्या, एवढाच माझा अर्ज होता. तर सगळ्यांसमोर म्हणालात, आमच्या घरातल्या बायका राजकारणात पडत नाहीत. तुमचं बघून अकराजणींनी हात मागे घेतला.

थोरली : मालकाच्या तोंडी लागून नोकरी घालवायची होती का? ते राहू दे. या चिठ्ठ्या घेऊन मी निघाले साहेबांकडे.

धाकटी : जाऊ नका.

थोरली : का? चोराच्या मनात चांदणं?

धाकटी : पाया पडते तुमच्या, जाऊ नका.

थोरली : आता कशी नरमलीस. खुर्चीसाठीच ना?

धाकटी : माझ्या मशीनखालचा गठ्ठा काढा. आजच तपासणीतून परत आलाय. नंबर कुणाचा?

थोरली : बावीस. तुझाच की.

धाकटी : टिपेवर बोट फिरवा. मला टीप घालायला तुम्हीच शिकवलंत. ही माझी आहे का?

थोरली : वाकडी गेलीय. कडेला सुटलीयसुद्धा.

धाकटी : तुमचे असे पाच गठ्ठे. तीन मी सुट्टीत उसवून पुन्हा शिवले, दोन माझ्या नावावर परत आले. तुमचे तीन आधीच परत आलेत. चौथा आला की घरी बसवतात. आणि ती खुर्ची, ती काही मला मिळत नाही आता.

थोरली : मला सांगायचं नाहीस?

धाकटी : डोळे दाखवून या म्हटलं होतं. तर तुम्ही म्हणालात, मला म्हातारी ठरवून हिला घर ताब्यात घ्यायचंय.

थोरली : म्हणाले होते खरं. फार वाईट बोलले गं मी.

धाकटी : जेवा आता.

थोरली : तो दिव्यांचा अर्ज फाडलास का?

धाकटी : पिशवीतच आहे. एवढी उचकलीत, तो नाही दिसला?

थोरली : दे इकडे.

धाकटी : मालक म्हणतील, राजकारण करता.

थोरली : म्हणू देत. पेन दे. आणि सही कुठल्या रेघेवर करायची, तिथे बोट ठेव.