सासूबाईंचं गार जेवण

समारंभाचे आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले संचालकसाहेब, कान-नाक-घसा विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या वहिनी, आणि समोरचे संशोधक, विद्यार्थी, या टेबलावरच्या फुलांचा वास ज्यांना येतोय ते आणि ज्यांना येत नाही ते, अशा सर्व सज्जनहो,

वहिनींनी वासावर आणि वास हरवलेल्या माणसांवर आयुष्यभर काय काम केलं, ते माझ्याआधीच्या विद्वानांनी सांगितलंच. मी पडले बेकरीवाली. घरातल्या कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं, तेव्हा दादा म्हणाला, मला रडू येईल. म्हणून मग नणंदेला उभं करण्याचं धाडस आयोजकांनी केलं. वहिनींचा चेहरा बघा, त्यांना ते आत्ता कळतंय.

आमची बेकरी आईची. पाव झाला की नाही हे ती भट्टी न उघडता, नुसत्या वासावर सांगायची. वडील गेल्यावर तिनं बेकरी माझ्या हवाली केली आणि दादाकडे राहायला गेली. सासू-सुनेचं बरं चाललं होतं. म्हणजे भांडणं व्हायची, पण मापात. मग आईला जबर सर्दी झाली. सर्दी गेली, आणि थोड्या दिवसांनी माझ्या कानावर येऊ लागलं की वहिनी सासूला गार जेवण वाढतात.

सज्जनहो, नणंदेला आणखी काय हवं असतं? मावशी म्हणाली, शिकलेली सून ही अशीच. शेजारीणबाई म्हणाल्या, बटाटासुद्धा उकडून, थंड करून देते हो, फोडणी नाही की काही नाही. आई फोनवर म्हणाली, घरात सगळ्याला जळक्या रबराचा वास मारतो, हिला स्वयंपाक येत नाही. मी तडक निघाले. निघताना भट्टीतून नुकताच काढलेला पाव फडक्यात गुंडाळून घेतला. म्हटलं, माझ्या आईच्या पोटात काहीतरी गरम जाऊ दे.

दार वहिनींनीच उघडलं. मी त्यांच्याकडे न बघता आत गेले आणि आईपुढे फडकं सोडलं. पावाची वाफ वर आली. आई उठली, तोंडावर पदर धरून न्हाणीघरात पळाली, आणि तिथून ओकारीचा आवाज आला. तिनंच शिकवलेला पाव तो! मी हातात फडकं धरून तशीच उभी. वहिनी एवढंच म्हणाल्या, "खिडकी उघडा जरा."

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. नाकात वर, अगदी आत, वास ओळखणारे धागे असतात. सर्दीत ते जळाले, की पुन्हा उगवतात, पण जोडणी चुकते. फोन लावावा मामाला आणि उचलावा भलत्यानंच, तसं होतं. पाव, कॉफी, कांदा, सगळं सडकं लागतं. अन्न गरम असलं की वास जास्त उठतो, म्हणून गार. आई निदान तेवढं तरी खात होती. मी विचारलं, मग हे सगळ्यांना सांगत का नाही? म्हणाल्या, "त्यांनाच पटलेलं नाही, तर बाहेर कशाला? माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवताहेत तोवर त्यांना आपण ठणठणीत आहोत असं वाटतं."

आई रोगी म्हणून या इमारतीची पायरी चढायला तयार नव्हती. "माझ्या नाकाला तू शिकवू नकोस," हे ठरलेलं उत्तर. मग वहिनींनी एक लबाडी केली. संचालकसाहेब, कान बंद करा. त्यांनी आईला सांगितलं की प्रयोगशाळेत विद्यार्थी बाटल्या भरताना चुका करतात, एखादं मुरलेलं नाक तपासायला मिळालं तर बरं होईल. आई ठेवणीतले कपडे घालून हजर! गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. एकेक बाटली हुंगायची आणि विद्यार्थ्यांना झापायचं. गुलाब कुजलाय. यात काहीच नाही, रिकामी बाटली दिलीत. आठवड्यामागून आठवडे. घरीसुद्धा 'सरावासाठी' सकाळ-संध्याकाळ त्याच बाटल्या. आपण परीक्षक आहोत असं तिला वाटत होतं, आणि चालले होते तिचेच उपचार; तेच तेच वास रोज हुंगले की नाकाची चुकलेली जोडणी हळूहळू बसते म्हणे. अध्यक्षसाहेब, घाबरू नका, त्यातली एकही नोंद वहिनींनी संशोधनात घेतली नाही. तेवढ्या त्या सरळ आहेत.

वहिनींनी मला शपथ घातली होती, आईला कळता कामा नये. मी आईकडे गेले, तर आई दार लोटून हळूच म्हणाली, "तिला वाटतं मला कळत नाही. सगळं कळतं. पण पेशंट म्हणून गेले तर आधी तिची माफी मागावी लागेल. परीक्षक म्हणून गेलं की नाक वर राहतं." आणि वर तिनंही शपथ घातली! आता सांगा, दोन्हीकडून तोंड शिवलेल्या बाईनं जगावं कसं? मी बेकरीत येऊन एकटीच हसायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, हिचं काहीतरी बिनसलंय.

असं बरेच महिने चाललं. मग एका दुपारी, मीही तिथे होते, आईनं एक बाटली नाकाशी नेली आणि थांबली. पुन्हा हुंगली. डोळे मिटून म्हणाली, "लिंबू." वहिनींनी पाठ फिरवली आणि उगाचच कपाटात काहीतरी शोधू लागल्या. आई त्यांच्या पाठीला म्हणाली, "सूनबाई, तुझं जेवण चांगलं होतं. माझंच नाक वाईट होतं. आता हे परीक्षकाचं पद काढून घे आणि पेशंटांत माझं नाव घाल."

वहिनींनी डोळे पुसले, कागद घेतला आणि विचारलं, "वय?" आईनं पाच वर्षं कमी सांगितली. वहिनींनी मुकाट्यानं लिहून घेतली.

आईचं नाक पुरतं कधीच सुधारलं नाही. पावाचा वास तिला अजून धड येत नाही, आणि त्याचं तिला वाईट वाटतं, हे मी लपवणार नाही. पण ती पाव खाते. इथल्या पेशंटांच्या नातेवाइकांना तुम्ही जी माहिती देता, गार द्या, साधं द्या, खिडक्या उघड्या ठेवा, ती वहिनी आधी आमच्या घरात शिकल्या, शिव्या खात. आज आई पहिल्या रांगेत बसली आहे. आठवड्यातून एकदा ती बाहेरच्या बाकावर येऊन बसते आणि नव्या पेशंटाबरोबर आलेल्या प्रत्येक सासूला, सुनेला, लेकीला बजावते, "आधी जेवण गार द्या, मग काय भांडायचं ते भांडा."

वहिनी, तुम्हाला निवृत्तीच्या शुभेच्छा. मला इथे उभं केल्याबद्दल आयोजकांचे, आणि एवढा वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. दोन शपथा मोडल्यात, चार शब्द वावगे गेले असतील, ते पोटात घाला. आईचं खरं वय मी सांगितलेलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं धरा.