मृतांच्या यादीत सहा नावं

दोन नोव्हेंबर, रविवार, आभाळ दाटलेलं, वारा न्हाई — सकाळीच वहीत लिहून ठेवलं, फादर, सवय हाय माझी — पण तुमी नवे, म्हणून विचारताय ते कोपऱ्यातल्या कबरीचं. क्रूस न्हाई, नाव न्हाई, आन् औंदाच्या कबरी सात तर यादीत सहाच माणसं कावून? यादी मीच करतो. वर्षभरात गेलेले सगळे मांडायचे, आज मृतांचा दिवस, म्हणून देवळातल्या मिस्सात, उपासनेच्या वेळी, सगळ्यांपुढं वाचायचे — वीस वर्षांत एक नाव सुटलं न्हाई. औंदा सोडलं. मुद्दाम. माझा धाकटा भाऊ हाय तिथं, सुग्रीव. फेब्रुवारीत उसाची ट्रॉली पलटली. आमची आई, कौशल्याबाई, तवा बीडला दवाखान्यात, खुब्याचं हाड मोडलेलं — डॉक्टर म्हणले, धक्का सोसायची न्हाई. मग सांगितलं, सुग्रीव कोल्हापूरकडं गुऱ्हाळावर राहिला. महिन्याला पत्र येतं त्याचं. मीच लिहितो, मीच वाचून दाखवतो. आई म्हणती, ‘चौथी नापास माझं लेकरू, एवढं शहाण्यावानी कवा बोलाया लागलं?’ — म्हणून आता जरा वाकडंतिकडं लिहितो.

असं बघू नका. आर्चबिशप लिओनार्डचं ऐका — त्यांचंच चरित्र लिहितोय मी, जुन्या फादरनी मिशनचे कागद दिलते त्यावरून, चार वह्या झाल्या. दीडशे वर्षांमागं बैलगाडीनं ह्या मुलखात आले. जात्यावरच्या बायांकडून मराठी शिकले, म्हणून एवढा दाढीवाला माणूस बोलता बोलता ‘अगं बाई’ म्हणायचा. आई तिकडं समुद्रापल्याड. दर रविवारी तिला पत्र. ती जानेवारीत गेली आन् बातमी आली जूनमधी — जहाजाची डाक. मधली वीस पत्रं न फोडता माघारी आली. बघा, एवढ्या मोठ्या माणसानंबी — हां, त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक हाय. तेवढा फरक हाय, मान्य.

मग काय लिहिलं त्यांनी? मीच उतरवलंय की — ‘पाच महिने मी तिच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली. तिच्या आत्म्यासाठी एकदाही केली नाही.’ चांगल्या अक्षरात उतरवलं, खाली रेघ मारली, आन् पुढच्या पानावर गेलो.

आई रोज संध्याकाळी माळ हातात घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणती. सुग्रीवच्या हातापायाला बळ मागती. नऊ महिने झाले. मी शेजारी बसून ‘आमेन’ म्हणतो.

…द्या ती यादी. पेन हाय माझ्याकडं.

न्हाई, तुमी काही बोलू नका. ती बघा, माझी बायको बबिता आईला चाकाच्या खुर्चीतून आणतीये. पुढंच बसती आई, कमी ऐकू येतं म्हणून. घ्या कागद. तुमी व्हा आत.

साडेआठच्या मिस्सात सात नावं वाचली. सातवं सुग्रीवचं. कौशल्याबाई पहिल्या बाकापाशी होत्या.