मिठावरची दुसरी धाव

(युटामधलं मिठाचं सपाट मैदान. पहिली धाव झालेल्या गाड्या जिथे अडवून ठेवतात, ते कुंपण. दुपार.)

रॉस्को : हात नको लावूस, पोळेल. ताशी दोनशे नऊ मैल पळून आलंय ते पाखरू. जरा दम खाऊ दे.

इनेझ : दम कसला, रॉस्कोकाका! मॅग्नेटो जळालाय, इंजिनात ठिणगीच पडत नाही. उद्या सकाळची दुसरी धाव हुकली की आजचीही गेली मिठात.

रॉस्को : दोन्हींची सरासरी धरतात, ठाऊक आहे मला. एकतीस वर्षं विक्रमांच्या वहीत माझं नाव काय उगाच आहे? दोनशे चार!

इनेझ : मग माझी गाडी बंद पडली म्हणून आज तुम्ही खूश असाल.

रॉस्को : अगं, तुझी गाडी समोरून गेली तेव्हा टोपी काढली मी! अडुसष्टचं मॉडेल. विमेवाले दचकू नयेत म्हणून तेव्हा कंपनीवाले इंजिनाची ताकद, म्हणजे घोडे, कमीच लिहायचे. कागदावर चारशे पंचवीस, आणि मघाशी सहाशे घोडे एका सुरात गात होते. देवाशपथ, चर्चमध्ये माझा खर्ज कधी असा लागला नाही.

इनेझ : इंजिन बाबांनी बांधलंय, मी नुसती पुसते. दुरुस्तीला चार तास देतात, त्यातले अडीच उरलेत. एवढ्या जुन्या इंजिनाचा मॅग्नेटो आता कुणाकडे मागू?

रॉस्को : हा घे.

इनेझ : अहो, हा तुमच्या गाडीतला! उद्या तुमची धाव आहे ना?

रॉस्को : होती.

इनेझ : वेड लागलंय का, काका? याच्याच जोरावर मी तुमचं नाव पुसणार!

रॉस्को : उलटा करून बघ. तळाशी.

इनेझ : रुफिनो... बाबांचं नाव, आणि हे तर त्यांचंच अक्षर.

रॉस्को : विक्रमाच्या त्या वर्षी माझा जळाला होता, इथेच. तुझ्या बापानं स्वतःच्या गाडीतून हा काढून दिला. विक्रम मी केला, तो कडेला उभा राहून शिट्ट्या मारत होता.

इनेझ : घरी येऊन म्हणाले, इंजिन दगावलं. मरेपर्यंत तेच सांगत राहिले. आणि मी त्यांना चिडवायचे, तुमचे घोडे मरतुकडे म्हणून.

रॉस्को : दरवर्षी परत द्यायला जायचो. म्हणायचा, राहू दे रे, लागेल कुणाला तरी.

इनेझ : ...काका, उद्या सुरुवातीच्या रेषेवरून माझी गाडी ढकलून द्यायला तुमचा ट्रक आणाल?

रॉस्को : आणीन की. ढकलीन, आणि तिचा आवाज ऐकू येत राहील तोवर तिथेच थांबेन. आता तो बारीक पाना दे.