शाब्बास म्हणणारी पेटी

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न तुमच्या पदरात टाकते. शिकवणारा खरा कोण – जो पुष्कळ सांगतो तो, की जो ऐकणाऱ्याकडे बघतो तो?

उत्तराची घाई नको. गोष्ट ऐका, मग बोला.

फार वर्षांपूर्वी, गावात वीजसुद्धा नव्हती तेव्हाची गोष्ट. गावाचं नाव आंबेकुसुर. एक खोलीची शाळा, आणि शिकवायला एकट्या वत्सलाबाई. अशा शाळेत एके दिवशी रेडिओ आला. सेलवर चालणारा, लाकडी पेटीचा. सरपंच दौलतराव स्वतः डोक्यावर धरून घेऊन आले – गणपतीसुद्धा त्यांनी कधी इतका जपून आणला नव्हता.

सोबत तालुक्याचे साहेब. ते म्हणाले, "दौलतराव, लिहून ठेवा. दहा वर्षांनी मास्तर ही जात उरणार नाही. एक आवाज बोलेल, अख्खा जिल्हा शिकेल."

दौलतराव खूश. म्हणाले, "मग बाईंना वरच्या वाडीला पाठवा की. तिथं शाळाच नाही."

ठरलं. दिवाळीनंतर बाई जाणार. तोवर त्यांचं काम काय? बटण फिरवायचं आणि कोपऱ्यात बसायचं.

त्या पेटीची एक तऱ्हा होती. आतला गोड आवाज विचारायचा, "मुलांनो, सात आणि पाच किती?" मग थोडा थांबायचा. आणि म्हणायचा, "शाब्बास, अगदी बरोबर." पोरं बारा म्हणोत, बावीस म्हणोत – शाब्बास! हसताय? हसा. पण ध्यानात ठेवा.

आता या वर्गात होती चंद्रा. हौसाबाईची लेक, सात वर्षांची. त्या पावसाळ्यात चंद्राचे दोन्ही कान फुटले. हौसानं लसणीचं कोमट तेल घातलं. ठणका थांबला, पोर रडायची थांबली. हौसाला वाटलं, बरं झालं. आयांनो, आपलंही असंच ना? लेकरू गप्प झालं की आपण सुटकेचा श्वास टाकतो. ते गप्प का झालं, हे कोण विचारतं?

पण त्यानंतर चंद्रा बदलली. रेडिओसमोर पहिली जाऊन बसायची. हाताची घडी, नजर पेटीवर, चुळबूळ नाही. इतर पोरं तोंड हलवायला लागली की तीही हलवायची. दौलतराव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "ही बघा. समाधी लागते पोरीची." हौसाचा ऊर भरून यायचा. तरी रात्री लेकीच्या अंगावर पांघरूण घालताना तिला काहीतरी टोचायचं. हाक मारली तरी पोर वळत नाही. शिकून शिष्ट झाली असेल, म्हणून ती मन समजवायची.

दिवाळी तोंडावर आली. साहेब पाहणीला आले. दाराशी गाव जमलं, हौसाही. रेडिओ बोलू लागला. "मुलांनो, सांगा पाहू –"

आणि आवाज बंद. सेल संपले.

पोरांनी गिल्ला केला. कुणी मागं वळलं, कुणी शेजाऱ्याला चिमटा काढला. एकटी चंद्रा तशीच. हाताची घडी, नजर पेटीवर. मुक्या पेटीकडे बघत मान डोलावत होती.

"बघा साहेब," दौलतराव म्हणाले, "एकाग्रता बघा."

वत्सलाबाई कोपऱ्यातून उठल्या. चंद्राच्या पाठीमागं उभ्या राहून म्हणाल्या, "चंद्रा." मोठ्यानं म्हणाल्या, "चंद्रा." पोर वळली नाही. दारातून हौसानं ते पाहिलं, आणि पोर शिष्ट झालेली नाही हे तिला उमगलं.

बाई पुढं आल्या, चंद्रासमोर गुडघे टेकून बसल्या. तिच्या कानामागं हात लावला. पोरीनं बाईंच्या ओठांकडे पाहिलं आणि रडू फुटलं तिला. म्हणाली, "मला वाटलं, बाई, तुम्ही सगळेच हळू बोलायला लागलात."

दौलतरावांनी लगेच बैलगाडी जुंपायला लावली. बाई आणि हौसा पोरीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. कान साफ झाले, औषध चाललं, संक्रांतीपर्यंत चंद्रा ऐकू लागली.

बाईंचं काय? दौलतराव म्हणाले, "पेटी राहू द्या. पेटीकडं बघणाऱ्या पोरांकडं बघायला बाईसुद्धा राहू द्या. वरच्या वाडीला दुसरं माणूस मागू." चुकलं तर फिरणारा माणूस, मंडळी. असे सरपंच सगळ्यांना मिळोत.

पुन्हा रेडिओ लागला. "मुलांनो, नऊ आणि चार किती? ... शाब्बास, अगदी बरोबर."

चंद्रा पेटीवर बोट रोखून म्हणाली, "अहो, मी अजून सांगितलंच कुठं?"

रेडिओनंतर टीव्ही आला, संगणक आला, आता हातात मोबाईल. दरवेळी कुणीतरी म्हणालंच – आता मास्तर संपले. पेट्या वाईट नाहीत हो. माझी धाकटी तिकडं खांबाला टेकून मोबाईलवर पाढे म्हणतेय, आणि तो तिला चांदण्या देतोय. गोड दिसतेय, गप्प आहे. म्हणूनच माझी नजर तिच्यावर आहे.

तुम्हीही घरी जाल तेव्हा एवढंच करा. लेकराच्या पाठीमागं उभं राहून हळूच नावानं हाक मारा. आणि ते वळेपर्यंत तिथून हलू नका.

बोला, विठ्ठल विठ्ठल.