माजी सरपंचाचा कुत्रा

आमच्या दादाची सरपंचकी जाऊन दोन पंचवार्षिक झाल्या, पण त्याच्या डोक्यातून काही जात न्हाई. आमच्या शेऱ्याच्या पट्ट्याला त्यानं पितळी बिल्ला केल्ता, त्यावर कोरलं फक्त 'माजी सरपंच'. मी म्हनलं, "फोन नंबर टाक की."

"कशाला? सगळे वळखतात मला."

शेऱ्या राजूरच्या गणपतीला गर्दीत हरवला. हुडकत हुडकत पंधरा दिवसांनी मी जालन्याच्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये गेल्तो. तिथली बाई म्हनली, "भाऊ, माजी सरपंच तर गावोगाव आहेत. आम्ही कोणाला कळवायचं? त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही, परवा मेला."

"मंग फोटो तरी व्हॉट्सअपवर टाकायचा."

"तसं आमच्याकडं करत नाहीत."

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. त्यानं एकच इचारलं, "बिल्ला तरी आनला का?"