राजाच्या जहाजावरून परत

डॉर्कस : बूट बाहेर काढा. गव्हर्नर तुम्ही सभेत. इथली जमीन मी आत्ता घासलीय.

पेलेग : अगं, आधी ऐक तर. पोरं सुटली.

डॉर्कस : आरमारानं धरून नेलेली? सगळी?

पेलेग : सगळी. धक्क्यावर उतरवूनच घरी आलो.

डॉर्कस : मग या, बुटांसकट या. इथिएलभावजींचा ओबेडही?

पेलेग : तोही. मासे धरायला गेलो नि मीच जाळ्यात सापडलो, म्हणून हसत होता.

डॉर्कस : कॅप्टननं इतक्या सहजी सोडलं?

पेलेग : छे. म्हणाला, 'राजाला खलाशी हवेत. तुमच्या ऱ्होड आयलंडला विचारतो कोण?' मी म्हटलं, इथं माझ्या सहीशिवाय माणूस उचलता येत नाही. तर म्हणतो, 'तू? तू तर पिंपं बनवणारा.'

डॉर्कस : खोटं कुठं बोलला?

पेलेग : तेच मी म्हणालो. त्याच्याच डेकवर एका पिंपावर बसलो नि म्हटलं, मलाही भरती करा. तुमची पिंपं गळतायत.

डॉर्कस : लग्नात तुम्ही गावचे कोतवाल होतात. मग न्यायाधीश झालात, मग हे. दर पदागणिक माझा जीव जास्त टांगणीला. नेलं असतं म्हणजे?

पेलेग : नेणार कसं? खडकांतून जहाज काढायला आपलाच वाटाड्या लागतो. आणि आपले सगळे वाटाडे सकाळपासून आजारी.

डॉर्कस : आजारी? शेजारचा एलनाथन तर मघाशी लाकडं फोडत होता.

पेलेग : कॅप्टन पोरं सोडेपर्यंत अंथरुणात पडून राहा म्हणून बजावलं होतं त्या गाढवाला.

(इथिएल धापा टाकत दारात येतो.)

इथिएल : पेलेग, ओबेड घरी आला रे. आईच्या गळ्यात पडून रडतोय नि एकीकडे खातोय.

डॉर्कस : बसा भावजी. शिंपल्यांचं कालवण आहे.

इथिएल : बसायला तोंड नाही, वहिनी. उद्या मतदान. महिनाभर मी गुत्त्यात सांगत फिरलो, पेलेग ढिला आहे, गव्हर्नर मला करा. आता नाव मागं घेतो.

पेलेग : खबरदार. समोर कुणी नसेल तर निवडून आलो कशाला म्हणायचं?

इथिएल : पण लोकांपुढं बोलू काय?

पेलेग : शाळेचं छप्पर. दरवर्षी मी दुरुस्तीचं कबूल करतो नि विसरतो.

डॉर्कस : बायकांना मत असतं तर मी भावजींनाच दिलं असतं. त्या छपरापायी.

पेलेग : बघ, घरातच फितुरी.

इथिएल : कॅप्टन लंडनला तक्रार करणार. जिंकलास तरी पद जाईल एखादेवेळी.

पेलेग : जाऊ दे. पिंपं बनवायला कुणाची परवानगी लागत नाही. ओबेड पोटभर जेवला ना?

इथिएल : अजून जेवतोच आहे. जातो मी. पण छपराचं सोडणार नाही हं.

पेलेग : सोडू नकोस.

डॉर्कस : गेले. आता खरं सांगा. भीती नाही वाटली?

पेलेग : वाटली ना. म्हणून तर बसलो. उभा राहिलो असतो तर पाय लटपटताना पोरांना दिसले असते.