बर्गे काढायच्या दिवशी

जबाब दिनांक १२/०५/२००३

सोजराबाई जयसिंग हंबीर, वय ४८ वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार हंबीरवाडी, ता. दौंड, जि. पुणे.

मी आज पोलीस ठाण्यात आपणहून येऊन समक्ष सांगते की, वरील ठिकाणी मी पती जयसिंग व धाकटा दीर बाळासो यांच्यासह एकत्र राहण्यास आहे. आमचा ऊस भीमा नदीच्या पाण्यावर आहे. गावालगत नदीवर बंधारा असून त्याचे अलीकडचे टोक दौंड तालुक्यात व पलीकडचे शिरूर तालुक्यात येते.

मागील दोन उन्हाळ्यांपासून बंधाऱ्यात अडलेले पाणी काळे पडून त्यास घाण वास येतो. मासे मेले. धुणे धुणाऱ्या बायकांच्या हातापायांना फोड आले. मलाही आले. म्हणून दोन्ही काठांच्या लोकांनी नदी राखण्यासाठी गट केला, त्यात मी आहे. गटाला सल्ला देण्यासाठी पुण्याहून दोन जाणकार स्वखुशीने, काही न घेता येत असत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर वसंत खांबेटे, वय अंदाजे ६७, व कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या सुमती आगटे. दोघे सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने येत व आमच्या ओसरीवर जेवत. खांबेटे साहेबांना तिखट चालत नसे. त्यांची आमटी मी वेगळी काढत असे.

आगटे बाईंनी पाणी तपासून सांगितले की, ते असेच साचून राहिले तर जनावरांनाही पाजता येणार नाही. बंधाऱ्यात पाणी अडवण्यासाठी लोखंडी फळ्या असतात, त्यांना आम्ही बर्गे म्हणतो. धरणातून पाणी सुटणार होते. त्याआधी बर्गे काढून घाण वाहून जाऊ द्यावी व नवे पाणी आले की ते परत बसवावेत, असा सल्ला खांबेटे साहेबांनी दिला. खात्याची परवानगीही मिळाली. परंतु तेवढे दिवस पाण्याच्या मोटारी बंद राहून उसाला पाणी देण्याची एक पाळी चुकणार होती, त्यामुळे बरेच बागायतदार चिडून होते. देवळातल्या बैठकीत माझा दीर बाळासो साहेबांना म्हणाला की, पाणी सोडणार तुम्ही आणि वाळणार आमचं. साहेबांनी त्याला शेजारी बसवून बराच वेळ समजावले. तो मधूनच उठून गेला.

काल रविवारी सकाळी दोघे जाणकार, मी व बर्गे काढण्यास बोलावलेला गावचा मजूर दगडोबा असे बंधाऱ्यावर होतो. दोन बर्गे निघाले होते. त्या वेळी दौंडच्या बाजूने बाळासो व त्याच्यासोबत सात-आठ इसम काठ्या घेऊन आले. शिरूरच्या बाजूलाही माणसे येऊन उभी राहिली. ती कोण, हे मला ओळखता आले नाही. बंधाऱ्यावरून उतरायला त्या दोनच बाजू आहेत.

बाळासो याने दगडोबाच्या थोबाडीत मारून त्याच्या हातातली पहार काढून घेतली. खांबेटे साहेब पुढे झाले. ते म्हणाले, "बाळासाहेब, आठवड्यात पाणी परत भरेल. तोवर मी तुमच्याच गावात राहतो. नाही भरलं तर मला धरा."

बाळासो म्हणाला, "आठवडा कशाला थांबायचं?" व त्याने पहार साहेबांच्या नडगीवर मारली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. साहेब खाली बसले. ते ओरडले नाहीत. पाय दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग बाकीच्यांनी काठ्या घातल्या, डोक्यात व पाठीत. आगटे बाई त्यांच्या अंगावर आडव्या पडल्या, तर बाईंच्या हातावर काठ्या बसल्या. त्यांचा हात मनगटापासून भलतीकडे वळलेला मी पाहिला. एका इसमाने त्यांना केसांना धरून बाजूला ओढले.

मी बाळासोच्या कमरेला मिठी घातली व म्हणाले, "भावजी, म्हातारा माणूस हाय. मरंल."

त्याने माझे हात सोडवले. "वैनी, बाजूला व्हा. तुम्हाला लागंल," असे म्हणून त्याने मला दंडाला धरून कडेला बसवले. विचारल्यावरून सांगते की, मला कोणीही मारले नाही.

नंतर बाळासो व आणखी एकाने साहेबांना उचलून अडलेल्या पाण्यात टाकले. साहेब बुडून वर आले व त्यांनी बंधाऱ्याची कड पकडली. डोक्यातले रक्त डोळ्यांत जात होते. ते मला "सोजराबाई" म्हणाले. मी पालथी पडून त्यांचे मनगट धरले. तेवढ्यात बाळासो आला व त्याने साहेबांच्या बोटांवर पाय दिला. आधी एका हातावर, मग दुसऱ्या. मनगट ओले होते, ते माझ्या हातातून निसटले. साहेब पुन्हा वर आले तेव्हा कोणीतरी दगड मारला. त्यानंतर ते वर आले नाहीत. दगडोबाने उडी टाकून त्यांना काठाला आणले, तोवर ती माणसे निघून गेली होती.

साहेबांच्या नाकातोंडातून काळे पाणी येत होते. छाती हलत होती. टेम्पोत घालून त्यांना दौंडला दवाखान्यात नेताना वाटेत छाती हलायची थांबली. आगटे बाई चांगल्या हाताने त्यांचे डोके धरून बसल्या होत्या.

विचारल्यावरून सांगते की, साहेबांना टाकले ती जागा कोणत्या तालुक्यात येते हे मला सांगता येणार नाही. ते मधोमध होते.

दुपारी मी घरी आले. काढलेले बर्गे परत बसवले होते व काठच्या मोटारी चालू होत्या. आमचीही चालू होती. ती माझ्या पतीने चालू केली होती. बाळासोने आंघोळ करून जेवायला मागितले. मी दोघा भावांना वाढले. जेवताना बाळासो म्हणाला, "वैनी, सकाळी तुम्ही घरीच होता. कुणी इचारलं तर एवढंच सांगायचं."

मी पतीला विचारले की मी कुठं होते. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. ते म्हणाले, "घरीच की."

मी घरी नव्हते. मी बंधाऱ्यावर होते. मी लग्न होऊन आले तेव्हा बाळासो शाळेत जात होता. त्याची भाकरी मीच बांधून देत असे. त्यास ओळखण्यात माझी चूक होणार नाही.

कोर्टाचे बोलावणे हंबीरवाडीस पाठवू नये. ते पाटस येथे माझ्या भावाच्या घरी पाठवावे.

माझे म्हणणे हवालदारांनी लिहून घेऊन मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच त्यात आहे, म्हणून खाली अंगठा दिला.